परवलीचा शब्द एक, दारे अनेक



महालातील गांधी गेटचे जुने नाव जुम्मा दरवाजा. अशा वेशीवरील पहाऱ्याची कल्पना करावी. वेशीवर एकदा ओळख पटवून द्यावयाची, मुद्रा उमटविलेली चिठ्ठी घ्यावयाची आणि आतील प्रत्येक कचेरीत तीच दाखवावयाची. कचेरीतील कारकून पुन्हा उलटतपासणी करीत नाही. मुद्रा खरी की खोटी, एवढेच पाहतो. संगणकाच्या क्षेत्रातील ‘सिंगल साइन-ऑन’ ही पद्धत याच तत्त्वावर चालते.

नागरिक एखाद्या सेवेच्या संकेतस्थळावर गेला, की ते त्यास ओळख पटविणाऱ्या केंद्राकडे पाठविते. परवलीचा शब्द आणि भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी तेथेच द्यावयाचा असतो. खात्री पटताच हे केंद्र अंकीय सहीचे, अल्पकाळ टिकणारे प्रमाणपत्र देते. सेवा ती सही तपासून प्रवेश देते. परवलीचा शब्द तिला कळतच नाही. केंद्रातील सत्र चालू असेपर्यंत दुसऱ्या सेवेकडे वळताना तो सहसा पुन्हा विचारला जात नाही.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ साली सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पातून ‘कर्बेरोस’ ही पद्धत निर्माण झाली. तीत अशाच तिकिटाची योजना आहे. भारतात जुलै २०२२ मध्ये ‘मेरी पहचान’ ही राष्ट्रीय व्यवस्था नागरिकांसाठी खुली करण्यात आली. डिजिलॉकर, ई-प्रमाण व जनपरिचय या तीन व्यवस्था तीत एकत्र आणण्यात आल्या.

या पद्धतीचे लाभ उघड आहेत. दहा ठिकाणचे दहा शब्द पाठ करण्याचा, ते वहीत लिहून ठेवण्याचा किंवा सर्वत्र एकच दुबळा शब्द वापरण्याचा प्रसंग टळतो. कार्यालयांचीही सोय होते. कर्मचारी निवृत्त झाला, की मध्यवर्ती खाते बंद करताच त्याला कोणत्याही दालनात नव्याने प्रवेश मिळत नाही.

तथापि, एकाच किल्लीने सर्व दारे उघडत असतील, तर ती हरवल्यास सर्वच घर उघडे पडते. केंद्र बंद पडले, तर सर्व दारे एकाच वेळी अडतात. म्हणून ओटीपीसारखा दुसरा पहारा आवश्यक ठरतो. उत्पन्नाचा दाखला असो वा मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, तो भरून देणाऱ्या त्रयस्थास परवलीचा शब्द सांगू नये. ओटीपी तर मुळीच सांगू नये. सार्वजनिक संगणकावरील काम संपताच सेवेतून आणि ओळख केंद्रातून, अशा दोन्ही ठिकाणांहून बाहेर पडावे. केवळ खिडकी मिटल्याने सत्र संपतेच असे नाही. मागाहून बसणाऱ्यास ते उघडे सापडू शकते.

शासनाचे दार नागरिकाच्या हाताशी आले आहे. त्या दाराची किल्ली प्रत्येकाने स्वतःपाशीच जपावी, यातच या सोयीचे सार्थक आहे.