पंखालगतची हवा

छताला टांगलेला विजेचा पंखा दिवसभर गरगर फिरत असतो. त्याच्या वाऱ्याने खोलीतले कागद उडतात, समईची ज्योत विझते. पण महिन्याभराने शिडी लावून पाहावे, तो त्याच्याच पात्यांवर धुळीचे पूट चढलेले आढळते. जे पाते मिनिटाला शेकडो फेरे घेते, त्याच्या पाठीवरची धूळ उडून का जात नाही? याचे उत्तर असे की, त्या धुळीला वारा असा लागतच नाही. पृष्ठभागाला अगदी चिकटून असलेली हवा पृष्ठभागाबरोबरच जाते. तिच्या वरचा पदर किंचित मोकळा, त्याच्या वरचा अधिक मोकळा, असे होत होत थोड्या अंतरावर पुऱ्या वेगाचा वारा भेटतो. या मधल्या पातळ थरास शास्त्रज्ञ सीमास्तर म्हणतात. विमानाच्या पंखावर तो पुढच्या कडेशी कागदासारखा पातळ आणि मागच्या कडेशी फार तर काही बोटे जाड असतो; परंतु विमान हवेत तरेल की कोसळेल, याचा निवाडा बव्हंशी तेथेच होतो.

या थराचा शोध लागला तो एका कारखान्यातील अडचणीमुळे. लुडविग प्रांटल हा तरुण जर्मन अभियंता विसाव्या शतकाच्या आरंभी न्युरेंबर्ग येथे एका यंत्रकारखान्यात नोकरीस होता. लाकडाच्या ढलप्या हवेने शोषून नेणारी नळांची यंत्रणा सुधारण्याचे काम त्याच्याकडे आले. नळ पुढे रुंद होत गेला की हवेचा वेग कमी होऊन दाब वाढावा, असे गणित सांगे; प्रत्यक्षात तो तितका वाढेना, कारण हवेचा प्रवाह नळाच्या भिंती सोडून मधूनच वाहू लागे. प्रवाह भिंत का सोडतो, हा प्रश्न प्रांटलच्या मनात घर करून राहिला. पुढे प्राध्यापक झाल्यावर त्याने पाण्याची एक लहानशी पन्हळ बांधली, हाताने चक्र फिरवून तीत पाणी खेळवले, पाण्यात अभ्रकाचा चुरा मिसळला आणि प्रवाहाच्या रेषा डोळ्यांनी पाहिल्या. ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने आपला निबंध वाचला. तो छापून अवघा आठ पानांचा झाला. त्या वेळी प्रांटलचे वय २९ वर्षांचे होते.

त्याने दिलेले स्पष्टीकरण घाटाच्या दृष्टांताने समजेल. पंखाच्या पाठीवरून मागे जाताना हवेला वाढत्या दाबाची चढण चढावी लागते. वरच्या वेगवान हवेला ती जड जात नाही. पण सीमास्तरातली हवा घर्षणाने आधीच थकलेली असते. चढण तीव्र झाली की ती मध्येच थांबते, उलटी फिरते आणि वरच्या प्रवाहालाही पृष्ठभागापासून दूर लोटते. पंखाची उचल तेथेच ढासळते.

परंतु या निबंधाची खरी नवलाई पुढेच आहे. प्रांटलने एका पोकळ नळकांड्याच्या एका बाजूस बारीक फट ठेवली आणि थकलेले पाणी तिच्यातून आत ओढून घेतले. त्या बाजूचा प्रवाह पृष्ठभागाला पुष्कळ दूरपर्यंत चिकटून राहिला. म्हणजे रोगाचे निदान आणि त्यावरचा उपाय एकाच व्याख्यानात मांडले गेले. शास्त्राच्या इतिहासात असे क्वचितच घडते.

थकलेला थर शोषून घेणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग त्याला नवा जोर देण्याचा, म्हणजे पंखाच्या फटीतून मागच्या दिशेने वेगवान हवेचा पातळ झोत सोडण्याचा. जेट विमाने आल्यावर या दुसऱ्या मार्गाची निकड भासू लागली. ध्वनीहून जलद जाण्यासाठी पंख आखूड आणि पातळ हवे. तसल्या पंखांवर सावकाश उतरणे मात्र जिवावरचे काम. तेव्हा एंजिनच्या दाबयंत्रातली थोडी हवा वळवून ती उतरत्या वेळी पंखाच्या मागील झडपांवर फुंकण्याची युक्ती निघाली. अमेरिकेच्या स्टारफायटर विमानात ती होती. मिग-२१ च्या नंतरच्या प्रकारांतही ती आली. त्यांपैकी काही विमाने नाशिकजवळ ओझर येथे तयार होऊन भारतीय वायुदलात दाखल झाली.

या सोयीची किंमत वैमानिकाला ठाऊक असे. झोत एंजिनचा, म्हणून उतरतानाही एंजिन जोरात ठेवणे भाग पडे. घाईने शक्ती कमी केली की फुंकर मंदावे आणि विमान एकदम खाली बसे. एंजिनच बंद पडले, तर ज्या क्षणी सावकाश उतरण्याची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच क्षणी हा आधार नाहीसा होई. धातूच्या साध्या झडपेला असा विसर कधी पडत नाही.

जपानी अभियंत्यांनी या अडचणीवर मोठा खर्चिक, पण सरळ तोडगा काढला. २००७ मध्ये सेवेत आलेल्या यूएस-२ या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला पंखे फिरवणारी चार एंजिने आहेत. पाचवे एंजिन केवळ झोताची हवा दाबण्यासाठी वेगळे ठेवलेले आहे. त्यामुळे एवढे अवजड विमान ताशी सुमारे १०० किलोमीटर इतक्या संथ गतीने सागरावर टेकते आणि सुमारे ३ मीटर उंचीच्या लाटांतही उतरू शकते. जून २०१३ मध्ये प्रशांत महासागरात शिडाची नौका बुडून दोन जपानी प्रवासी जीवरक्षक तराफ्यावर तरंगत राहिले होते. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, उसळत्या समुद्रावर उतरून याच जातीच्या विमानाने त्यांना उचलून आणले. पाचव्या एंजिनाचा हिशेब मांडणाऱ्याने ही जमेची बाजूही लिहावी.

शोषणाच्या मार्गाची कहाणी निराळी आहे. तेथे उद्दिष्ट इंधन वाचवण्याचे. आजच्या प्रवासी विमानाला उंचावर जो रोध होतो, त्याचा जवळजवळ निम्मा भाग हवेच्या निव्वळ घर्षणाचा असतो. सीमास्तर शांत, पदरांपदरांनी वाहिला तर हे घर्षण फार कमी होते. तो खळबळला की वाढते. अमेरिकेत १९६३ मध्ये उडालेल्या एक्स-२१ विमानाच्या पंखांवर केसासारख्या बारीक अगणित चिरा पाडून त्यांतून पंपांनी हवा ओढली आणि पंखाच्या मोठ्या भागावर प्रवाह शांत राखून दाखवला. सिद्धांत खरा ठरला. मात्र विरळ, उंच ढगांतले हिमकण लागले की शांतता भंगे. आणि जमिनीजवळ उडताना पंखाच्या कडेवर चिरडलेले किडे त्याहून त्रासदायक! वाळलेल्या किड्याएवढा उंचवटा सीमास्तराला पुरतो. एवढ्या गणितावर एका चिलटाने पाणी फिरवावे, यात थोडा विनोदही आहे.

यावर १९८० च्या दशकात नासाने जेटस्टार विमानावर धीराने काम केले. एका पंखाच्या कडेपुढे किडे अडवणारी पट्टी बसवली, कडेवर गोठणरोधक द्रव झिरपवला आणि मग ते विमान निरनिराळ्या शहरांच्या सामान्य विमानतळांवरून, नेहमीच्या वाहतुकीप्रमाणे, ऊन-पाऊस-धुळीत उडवले. उपाय टिकले. पण प्रयोगातले विमान आणि रोज फेऱ्या मारणारे विमान यांत अंतर आहे. लाखो छिद्रे कोण धुणार, ती बुजली तर इंधन पुरेल का, याचा विचार विमान कंपन्यांना करावाच लागतो. त्यांच्या या सावधपणास केवळ भित्रेपणा म्हणणे अन्याय होईल.

२०१५ मध्ये बोईंग आणि नासा यांनी एका ७५७ विमानाच्या उभ्या शेपटावर हवेचे ३१ झोत बसवले. ते शेपूट एवढे मोठे ठेवावे लागते ते एकाच प्रसंगासाठी: उड्डाणाच्या वेळी एका बाजूचे एंजिन बंद पडले तर विमान सरळ राखण्यासाठी. एरवी त्या वाढीव आकाराचे ओझे विमान जन्मभर वाहते. झोतांनी सुकाणूवरील प्रवाह चिकटवून ठेवला, तर लहान शेपूटही पुरेल. झोत डावी-उजवीकडे आपोआप झुलत राहतो, कारण त्याच्याच हवेचा थोडा भाग बाजूच्या वाटांनी मागे येऊन त्याला आळीपाळीने ढकलतो. आत हलणारा एकही भाग नाही, म्हणून झिजण्याचे भय कमी. तरीही झोताला हवा पुरवणारे यंत्र त्याच कसोटीच्या क्षणी चालू असले पाहिजे, ही अट राहतेच.

अमेरिकेत २०२४ च्या आरंभी एक्स-६५ या वैमानिकविरहित प्रायोगिक विमानाची बांधणी सुरू झाल्याचे जाहीर झाले. केवळ हवेच्या झोतांनी ते वळवावे, चढवावे, उतरवावे, असा संकल्प आहे. त्याच्या आराखड्यात नेहमीच्या हलत्या झडपाही ठेवल्या आहेत. आरंभीच्या उड्डाणांत भिस्त त्यांच्यावर, आणि झोतांची खात्री पटत जाईल तसतशा त्या जखडून टाकायच्या.