आतल्या खोलीतलं वाय-फाय

बैठकीत टीव्ही झकास चालतो, पण माजघरात किंवा माडीवर चित्र अडकतं. नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांतली ही तक्रार. दर वेळी दोष कंपनीच्या लाइनीचा नसतो. जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या जाडजूड भिंती असोत की नव्या घरांचा सळईचा स्लॅब, दोन्हींतून जाताना वाय-फायच्या लहरी कमजोर होतात.

राउटरवर बहुधा दोन बँड असतात. २.४ गिगाहर्ट्झचा लांबवर पोहोचतो, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हरतो. एचडी चित्राला सुमारे ५ एमबीपीएस वेग पुरतो, म्हणून लांबच्या खोलीतला टीव्ही २.४ वर जोडून पाहा. राउटर लोखंडी कपाटामागे लपवू नका. घराच्या मध्यावर, उंच, मोकळ्या जागी ठेवा.

खात्रीचा उपाय मात्र वायरच. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. मेश, म्हणजे एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे दोन-तीन डबे, घेतलात तर दुसरा डबा सिग्नल पोहोचतच नाही अशा खोलीत ठेवू नका, चांगला सिग्नल जिथवर येतो तिथे ठेवा. आणि लोडशेडिंग? राउटर इन्व्हर्टरवर असतो, पण फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही त्यावर घ्यायचं लोक विसरतात.

घर बांधत असाल, तर गिलाव्याआधीच प्रत्येक खोलीपर्यंत केबलसाठी एक रिकामा पाइप टाकून घ्या.