आधी किनारा, मग रिसॉर्ट



सोयाबीन विकलं गेलं, दिवाळीची सुट्टी जवळ आली, की आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत समुद्राचा विषय निघतो. बुलढाण्याला समुद्र लांब. मलकापूरला गाडीत बसलं तरी मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि कोकणचे चांगले किनारे त्याच्याही पुढे. वर्षा-दोन वर्षांतून एकदा एवढ्या लांब जायचं, सोबत आजी-आजोबा आणि लहान लेकरं, तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील पण राहायला चांगलं हवं, असं कुणालाही वाटतं. मला ते योग्यच वाटतं. वर्षभर राबलेल्या माणसानं चार दिवस ऐटीत राहावं. गल्लत होते ती पैसे कशासाठी मोजायचे हे ठरवताना. मोबाईलवर निळ्याशार पोहण्याच्या तलावाचा फोटो दिसतो, तो सगळ्यांना आवडतो आणि खोली ठरून जाते. पोहण्याचा तलाव आपल्याकडेही मिळेल. आपण जातो ते समुद्रासाठी. म्हणून माझं सांगणं असं, की आधी किनारा निवडा आणि मग त्या किनाऱ्यावरचं रिसॉर्ट.

एक किनारा दुसऱ्यासारखा नसतो. अलिबागची वाळू काळपट, किनारा सपाट, आणि ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. गणपतीपुळ्याला मंदिर समुद्राला लागून आहे, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं रिसॉर्टही किनाऱ्याजवळ आहे, दर्शन आणि समुद्र दोन्ही एका मुक्कामात होतात. वडीलधाऱ्या मंडळींना यासारखं समाधान नाही. पण तिथला किनारा उताराचा आहे, पाणी एकाएकी खोल होतं, म्हणून तो पोहण्याचा किनारा मुळीच नव्हे. गुहागरला नारळी-पोफळीच्या वाड्यांना लागून लांबच लांब सरळ वाळू आहे, आणि गर्दीही मानानं कमी असते. मालवणजवळ तारकर्लीला पांढरी वाळू, एका बाजूला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथं महामंडळाचं रिसॉर्ट आहे, हाउसबोटी आहेत आणि स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्थाही आहे. त्याच्याही खाली, दक्षिण गोव्यात, कोलव्यापासून मोबोरपर्यंत पांढऱ्या वाळूचा सलग पट्टा आहे. मोठी पंचतारांकित रिसॉर्टं त्याच भागात एकवटली आहेत.

आता भरती-ओहोटीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण आपण घाटावरची आणि घाटाखालची माणसं, आपल्याला याची सवय नाही. रिसॉर्ट कितीही भारी असो, तुम्ही संध्याकाळी पाच वाजता लेकरांना घेऊन किनाऱ्यावर गेलात आणि वाळूच शिल्लक नसली, तर त्या खोलीचा उपयोग काय? दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते, आणि ही वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. कोकणातली जुनी माणसं याचा हिशेब तिथीवरून करतात. ज्यांनी शाळेत पाऊणकी म्हटली असेल त्यांना तो लगेच कळेल. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि पहाटे तीनलाही. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबई-अलिबागच्या बाजूला हा हिशेब चांगला जमतो, गोव्याकडे जावं तशी वेळ थोडी अलीकडे येते.

याचा उपयोग सहलीची तारीख ठरवताना होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती भर दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ओहोटी. फिरायला नेमक्या याच वेळा हव्या असतात, तेव्हा किनारा रुंद आणि मोकळा मिळतो. मात्र या दिवसांत समुद्राला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त जोरानं ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिचा जोर कमी, पण ती संध्याकाळी ऐन फिरायच्या वेळी येते. मुंबई-अलिबागकडे पाणी बरंच चढतं-उतरतं, गोव्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून उत्तर कोकणात जाणाऱ्यानं तिथी पाहावीच. दिनदर्शिका भिंतीवर असतेच, खोली ठरवण्याआधी तिच्याकडे एकदा पाहायला काही लागत नाही.

आता रिसॉर्टांच्या जाहिरातीत दिसणाऱ्या ‘सी-टच’ या पाटीबद्दल. केंद्र सरकारनं १९९१ साली किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर नियम आले आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नव्या हॉटेलाला मज्जाव झाला. पुढे २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा ५० मीटरवर आली. समुद्राचं आणि गावाचं रक्षण व्हावं म्हणून हा नियम आहे आणि तो असायलाच हवा. तेव्हा फोटोत लाटा खोलीच्या पायरीला लागलेल्या दिसल्या, तर फोन करून सरळ विचारा: खोलीच्या दारापासून वाळूपर्यंत चालत किती मिनिटं? मधे डांबरी रस्ता आहे का? आजीला तेवढं चालवेल का? आणखी एक. ‘खासगी बीच’ म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. आपल्या देशात किनाऱ्याची वाळू कोणाच्या मालकीची नसते. रिसॉर्टवाल्याला आरामखुर्च्या मांडता येतात, लोकांची वाट अडवता येत नाही.

खोलीविषयी दोन गोष्टी मी खास वऱ्हाडच्या माणसासाठी सांगतो. आपला उन्हाळा कोरडा. मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पण कूलरमध्ये पाणी भरलं की घर गार होतं, कारण कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडून जातं आणि उष्णता घेऊन जातं. कोकणात पारा तेहतीस-चौतिसावर असतो आणि तरी घामानं जीव हैराण होतो. हवेतच एवढा ओलावा, की कूलरचं पाणी उडायला जागा नसते. म्हणून तिथं कूलर असलेली खोली स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. एसी हवा, आणि वीज गेल्यावर जनरेटर एसी चालवतो की फक्त दिवे-पंखे, हेही विचारा. दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटतात, ते खोलीत येतील अशी खिडकी असेल तर फारच उत्तम.

दुसरी गोष्ट पाण्याची. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरींचं पाणी मचूळ असतं. समुद्रात डुंबून आल्यावर अंगावरचं मीठ धुवायला नळाला गोडं पाणी नसेल, तर बाकीच्या सगळ्या ऐटीवर पाणी फिरतं. हा प्रश्न खोली घेण्याआधी विचारा. चांगला मालक खरं उत्तर देतो.

जेवणाचं थोडक्यात. गजानन महाराजांच्या आणि वारकरी परंपरेतल्या आपल्याकडच्या अनेक घरांत मांसाहार चालत नाही. कोकणात शाकाहारी जेवण उत्तम मिळतं: उकडीचे मोदक, घावन, फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ, सोलकढी. फक्त छोट्या ठिकाणी ते सकाळीच सांगून ठेवावं लागतं, आणि स्वयंपाकाची भांडी वेगळी आहेत का हे आधी विचारलेलं बरं.

किनारा पाहून रिसॉर्ट निवडायचं, हे परदेशातही लागू पडतं. आपल्या जिल्ह्यातली काही मुलं आता अमेरिकेत आहेत. आईवडील तिकडे गेले की काही जण त्यांना मेक्सिकोतल्या कानकूनला नेतात. अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही. मेक्सिकोच्या सरकारनं जवळजवळ निर्मनुष्य असलेला वाळूचा पट्टा निवडून हे शहर मुद्दाम वसवलं, आणि पहिली हॉटेलं १९७४ मध्ये उघडली. योगायोग असा, की त्याच वर्षी गोव्यात सिंकेरीला ताज समूहाचं फोर्ट आग्वाद रिसॉर्ट सुरू झालं. कानकूनला खोली, जेवण, पेयं सगळं एका दरात असतं. जेवढं खाल तेवढं, बिल वाढत नाही. पण जे मद्य घेत नाहीत, मांसाहार करत नाहीत, अशा आईवडिलांसाठी हा सर्वसमावेशक दर महाग पडतो, म्हणून तिकडे राहणाऱ्या मुलांनी फक्त खोली-नाश्त्याचा दर आधी काढून पाहावा. महिनाही महत्त्वाचा. तिकडे जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा काळ, आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत सरगासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगानं किनाऱ्याला लागतं. डिसेंबर ते मार्च हा तिथला चांगला काळ. आणि तो किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे समुद्रात सूर्य बुडताना पाहायचा असेल तर आपला पश्चिम किनाराच बरा.

आता परत आपल्या कोकणाकडे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तरीही मोठी रिसॉर्टं गोव्यातच राहिली आणि तळकोकणात घरगुती निवास वाढले. मला यात काही वाईट दिसत नाही. मालकीणबाई स्वतः वाढतात, सकाळी जाळ्यात काय आलं ते सांगतात, भरतीची वेळ त्यांना तोंडपाठ असते.

पैशांचा हिशेब करताना जीएसटी विसरू नका. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे आठ हजारांची खोली हातात पडेपर्यंत साडेनऊ हजारांच्या जवळ जाते. सगळं मिळून किती, हे लेखी घ्या: कर, नाश्ता, जादा गादी, लहान मुलांचा दर, आणि ड्रायव्हरची राहायची सोय. रात्रभर गाडीत झोपलेल्या ड्रायव्हरच्या हाती दुसऱ्या दिवशी घाटात आपलं कुटुंब द्यायचं नसतं. इंटरनेटवर सापडलेल्या नंबरावर पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नका. खोट्या नावानं खोल्या विकणारी टोळकी सुट्टीच्या दिवसांत फार फोफावतात. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

जायचं कसं? नागपूर-मडगाव विशेष गाडी शेगाव, मलकापूर करत थेट कोकण रेल्वेवर जाते. विशेष गाडी असल्यानं तिचे दिवस बदलतात, चालू वेळापत्रक पाहून घ्या. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कोल्हापूर गाठून पुढे घाट उतरता येतो. मोटारीनं जाणाऱ्यांना जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला आहे, मेहकरहून पहाटे निघालं तर संध्याकाळी अलिबाग. पण रात्रीचा प्रवास करू नका. जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर मध्यरात्रीनंतर खासगी बस पेटून २५ जणांचा जीव गेला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

शेवटी सुरक्षेचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तरणीताठी मुलं होती ती. विहिरीत, पूर्णेच्या डोहात सूर मारणारी आपलीही मुलं अशीच समुद्रात शिरतात. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं, आणि पट्टीचा पोहणाराही त्याच्याविरुद्ध पोहता पोहता दमतो. ओढलं गेलंच, तर किनाऱ्याकडे झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर पडायचं आणि मग वळायचं. जीवरक्षक आहेत का, हा प्रश्न रिसॉर्ट निवडतानाच विचारा. गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर ते असतात, आपल्याकडे सगळीकडे नसतात. जून ते ऑगस्ट तर पाण्यात उतरायचंच नाही.

माझं मत विचाराल, तर तीन पिढ्या सोबत असलेल्या, पहिल्यांदाच समुद्र पाहणाऱ्या कुटुंबानं गुहागर किंवा तारकर्लीला जावं. पंचतारांकित थाटाची हौस असेल तर दक्षिण गोवा. दिवाळी आणि नाताळात दर चढलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीतले सोमवार ते गुरुवार धरा, तेव्हा ऊन कोवळं असतं, किनारा मोकळा असतो आणि तीच खोली स्वस्त मिळते. फोन लावाल तेव्हा तलावाचं नंतर विचारा. आधी वाळू किती लांब, पाणी गोडं की मचूळ, आणि तुम्ही याल त्या तिथीला भरती किती वाजता, हे तीन प्रश्न विचारा. मालक तिन्हींची उत्तरं सरळ देत असेल, तर तिथं खुशाल पैसे खर्च करा.