हिशेबाचा ऋतू : वाणिज्य विद्यार्थ्यांची उन्हाळी सुट्टी



स्नेहसंमेलन आटोपले की वार्षिक परीक्षा येते आणि तिच्या पाठोपाठ उन्हाळ्याची सुट्टी लागते; बँका, विमा, भांडवल बाजार, लेखापरीक्षण अशा वित्तक्षेत्रात उतरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ती कशी वापरावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर बहुधा अभ्यासक्रमांच्या आणि प्रमाणपत्रांच्या यादीने दिले जाते. प्रमाणपत्रांना त्यांचे स्थान आहेच; परंतु दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब अचूक आणि प्रामाणिकपणे वाचता येणे हा या क्षेत्राचा पाया आहे, आणि एकाच उद्योगाचा हिशेब मुळापासून समजून घेतल्याने तो जितका पक्का होतो, तितका दहा विषयांवरून नजर फिरवल्याने होत नाही.

सुट्टीचा हा काळ हिशेबाच्या अभ्यासाला विशेष अनुकूल असतो. भारतातील आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना त्यानंतर ६० दिवसांच्या आत लेखापरीक्षित वार्षिक निकाल जाहीर करावे लागतात, बँक शाखांचे लेखापरीक्षण एप्रिलमध्ये जोरात असते आणि पतसंस्थांचे हिशेब तपासण्याचे कामही उन्हाळ्यातच सुरू होते. कर्जांच्या व्याजदरांवर प्रभाव टाकणारा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्प मुदतीचा पैसा देते तो दर, ठरवणाऱ्या सहा सदस्यीय पतधोरण समितीच्या बैठकाही साधारणपणे एप्रिल आणि जूनमध्ये होतात. पाठ्यपुस्तकात वर्षभर वाचलेले सारे ज्या महिन्यांत प्रत्यक्ष घडत असते, नेमक्या त्याच महिन्यांत विद्यार्थी मोकळा असतो.

म्हणून सुट्टीतील पहिले काम म्हणजे परिचित वस्तू बनवणारी किंवा परिचित सेवा देणारी एक कंपनी निवडून तिचा वार्षिक अहवाल अखेरच्या टिपेपर्यंत वाचणे. त्यात तीन मुख्य पत्रके असतात : एका ठरावीक दिवशी कंपनीची मालमत्ता आणि देणी किती हे सांगणारा ताळेबंद, वर्षभराचे उत्पन्न आणि खर्च मांडणारे नफा-तोटा पत्रक, आणि प्रत्यक्ष पैसा कोठून आला व कोठे गेला हे दाखवणारे रोख प्रवाह पत्रक. ही तीन पत्रके एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय व्यवसायाचे खरे चित्र दिसत नाही. एखाद्या व्यापाऱ्याने ८ लाख रुपये रोख मोजून घेतलेला माल मार्चमध्ये १० लाखांना उधारीवर विकला, तर ३१ मार्चच्या हिशेबात २ लाखांचा नफा दिसतो. प्रत्यक्षात मात्र त्या दिवसापर्यंत त्याच्या हातून ८ लाख गेलेले असतात आणि एक रुपयाही परत आलेला नसतो. नफ्यात असलेले उद्योगही खेळत्या भांडवलाअभावी, म्हणजे दैनंदिन व्यवहारासाठी लागणाऱ्या पैशाअभावी, अडचणीत का येतात, याचे उत्तर या फरकात आहे. लेखापरीक्षकाचा अभिप्राय आणि संचालकांशी संबंधित व्यक्ती वा संस्थांबरोबर झालेल्या व्यवहारांची टीप हे भाग अनेक वाचक वगळतात. विद्यार्थ्याने ते आवर्जून वाचावेत.

दुसरे काम गावातच करण्याजोगे आहे. परिचयातील दुकान, पतसंस्था किंवा सनदी लेखापालांचे कार्यालय येथे काही आठवडे काम केल्यास रोजकीर्द, खतावणी, तेरीज, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँक खात्याचा ताळमेळ यांचा क्रम हाताखालून जातो, आणि अहवालातील प्रत्येक आकडा कोणाच्या तरी बिलातून किंवा पावतीतून जन्माला येतो हे उमगते. मुंबईत उमेदवारी मिळाली नाही म्हणून तालुक्याच्या विद्यार्थ्याने स्वतःला मागे समजू नये. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल त्या बाजारांच्या संकेतस्थळांवर सर्वांना विनामूल्य उपलब्ध असतात.

तिसरे काम गणिताचे आहे. संगणकावर एक्सेलमध्ये कर्जफेडीचे कोष्टक स्वतः तयार करावे. १० लाखांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ८,९९७ रुपये येतो. त्यातील ७,५०० रुपये पहिल्या महिन्यात व्याजापोटीच जातात आणि मुद्दल जेमतेम १,४९७ रुपयांनी घटते. हे कोष्टक ज्याने स्वतः मांडले, त्याला पैशाचे कालमूल्य, म्हणजे आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा अधिक मोलाचा असतो हे तत्त्व, निराळे पाठ करावे लागत नाही. एवढी तयारी झाल्यावर सेबीने स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची, अर्थात एनआयएसएमची, एखादी परीक्षा दिल्यास त्या प्रमाणपत्रामागे खरे ज्ञान उभे राहते.

या परिश्रमांचे प्रयोजन केवळ नोकरी नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा एका बांधकाम समूहाला दिलेल्या प्रचंड कर्जांची खरी स्थिती दडवल्याचे उघड झाले आणि आरंभी ठेवीदारांना आपल्याच खात्यातून अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा उरली. निवृत्तांची पुंजी, मुलांची शुल्के आणि रुग्णांचे उपचार एका खोट्या हिशेबामुळे अडून राहतात, हे ज्याने जाणले, तो हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद करणार नाही आणि दुसऱ्याने केलेली पाहून गप्पही बसणार नाही.

प्राध्यापकांना एक विनंती आहे : नव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याला सुट्टीत अभ्यासलेल्या कंपनीविषयी वर्गासमोर बोलायला लावावे आणि इतरांना प्रश्न विचारू द्यावेत, कारण आकड्यांचा अर्थ दुसऱ्याला समजावून सांगता येणे हीच त्या आकड्यांवरील प्रभुत्वाची कसोटी आहे. या कसोटीला उतरणारे अनेक विद्यार्थी या महाविद्यालयातून घडोत आणि त्यांच्या हाती सोपवलेला समाजाचा पैसा सुरक्षित राहो, ही मनःपूर्वक शुभेच्छा.