फुकटाचा दवाखाना की हक्काचा दवाखाना?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)

 

मी काही मोठी वक्ता नाही. सरकारी रुग्णालयात ३१ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. जे पाहिले तेच सांगणार आहे. विषय दिला आहे 'आरोग्य योजना आणि आपला समाज'. योजनेला कोणकोणते कागद लागतात ते आपले कार्यकर्ते सांगतीलच. मला सांगायचे आहे ते वेगळे. योजना एकच असते, पण माणूस समाजात ज्या पायरीवर उभा असतो, तिथून ती त्याला वेगळी दिसते.

सुरुवात भगवंतांपासूनच करते. विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि आपल्याच घाणीत पडून होता. भगवंत आनंदासह तिथे आले. त्यांनी विचारले, तुझी सेवा कोणी का करत नाही? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. आनंदाने पाणी आणले. भगवंतांनी ते ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले, की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही माणसाची सेवा त्याचा उपयोग आणि त्याची पत बघून होत होती. भगवंतांनी ती रीत मोडली.

आता आपल्या राज्याकडे येऊ. २०१२ साली ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१३ साली ती साऱ्या राज्यात आली आणि २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. तेव्हा ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठी होती, दीड लाख रुपयांपर्यंत. २०२३ साली शासनाने निर्णय घेतला, की पांढऱ्या कार्डासह सर्वच कुटुंबांना ५ लाखांपर्यंत संरक्षण द्यायचे.

त्या वेळी आपल्याच गल्लीत मी तीन मते ऐकली. एक पेन्शनर काका म्हणाले, "आता सगळ्यांनाच दिलं, म्हणजे गर्दी वाढणार. आपलं खाजगीच बरं." कंपनीत नोकरी करणारा एक तरुण म्हणाला, "आमच्या टॅक्सचा पैसा फुकट वाटतात." आणि धुणीभांडी करणारी आपली एक ताई म्हणाली, "बाई, आपल्याला कोण देतंय? मोठ्या दवाखान्यात आपल्याला आत तरी घेतील का?"

तिघेही जयभीमवाले. तिघांची घरे शंभर पावलांच्या आत. पण काकांना दवाखान्याचे बिल खात्याकडून परत मिळत होते, मुलाचा विमा कंपनी भरते आणि ताईला आजवर प्रत्येक खिडकीवर ओरडाच खावा लागला आहे. जो जिथे उभा, तिथून तो बोलला. मी कोणालाच दोष देत नाही. पण 'फुकट' या शब्दाचा विचार करा. ती ताई साबण घेते, चप्पल घेते, मोबाइलचा रिचार्ज मारते, त्या प्रत्येकावर कर भरते. मग तिला मिळते ते फुकट कसे?

बाबासाहेबांचे काम इथे आठवा. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू मांडली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, तो १९४४ साली. पुढे १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. या विम्यात कामगाराच्या पगारातून थोडा वाटा कापला जातो, मालक जास्त भरतो. म्हणून तिथे आपला कामगार कसा बोलतो बघा! औषध नसेल तर म्हणतो, "आमचे पैसे कापता, औषध का नाही?" तोच माणूस जन आरोग्य योजनेच्या टेबलापुढे गेला की हात जोडून उभा राहतो. का? एक त्याला हक्क वाटतो, दुसरा उपकार वाटतो.

याची किंमत किती मोजावी लागते ते सांगते. आपल्याच वस्तीतल्या एका भगिनीच्या मालकांना हृदयविकाराचा झटका आला. केशरी कार्ड तिच्या पिशवीत होते. योजनेतल्या एका मोठ्या दवाखान्यात गेली, तर काउंटरवर आधी पैसे भरायला सांगितले. तिने योजनेचे नावही काढले नाही. बोरमाळ मोडली, व्याजाने पैसे काढले. माणूस वाचला, पण घर तीन वर्षे कर्ज फेडत राहिले. काही महिन्यांनी आपल्यातल्याच एक शिक्षिका सासूला घेऊन तिथेच गेल्या. तेच काउंटर, तसेच कार्ड. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आरोग्यमित्र कुठे बसतात?" एक पैसा लागला नाही. मी त्या भगिनीला म्हटले, अगं, विचारायचं नाहीस का? ती म्हणाली, "शिस्टर, तिथली फरशी एवढी चकचकीत, मला चप्पल काढावी का तेच कळंना. विचारू काय?"

बंधू-भगिनींनो, तिला माहिती नव्हती असे नाही. विचारायची आपली जागा नाही, असे तिला वाटले. ही खरी आजारपणाची मुळी आहे.

आणि आता माझी कबुली. पाच वर्षांपूर्वी माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. ज्या वॉर्डात ३१ वर्षे राबले, तिथे मी गेले नाही. मुलगा म्हणाला, "आई, तिथे नको." मीही मान डोलावली. त्या रात्री झोप लागली नाही. आपल्यातली शिकलेली, बोलकी माणसे खाजगीत निघून गेली, की सरकारी दवाखान्यात न बोलणारीच उरतात. मग सोनोग्राफीचे यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिले तरी कोणी अर्ज देत नाही. दवाखाना आणखी बिघडतो आणि आपण म्हणतो, बघा, सरकारी ते असलेच!

म्हणून विहाराच्या साक्षीने तीन गोष्टी मागते. पहिली, रविवारच्या वंदनेनंतर दोन शिकलेल्या तरुणांनी इथे तासभर बसावे आणि ज्याच्या घरी आजार आहे त्याच्यासोबत दवाखान्यात जावे. नुसते शेजारी उभे राहिले तरी समोरच्याचा आवाज बदलतो. दुसरी, धर्मादाय रुग्णालयांच्या काचेच्या दाराला भिऊ नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेप्रमाणे तिथल्या १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. तिसरी, सरकारी दवाखान्यात काही बंद असेल तर तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी. त्या अर्जावर पेन्शनर काकांची सही असावी, कंपनीतल्या मुलाची असावी आणि धुणीभांडी करणाऱ्या ताईचा अंगठाही असावा. पहिली सही माझी राहील.

त्या आजारी भिक्खूला आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे वाटत होते. आपल्या वस्तीत कोणाला तसे वाटू नये, एवढेच मागणे आहे. काही चुकले असेल तर सांभाळून घ्या. माझे दोन शब्द संपवते.

नमो बुद्धाय! जयभीम!