लंडनमध्ये रंगवलेलं गाव



आज मला जॉन कॉन्स्टेबलविषयी बोलायचं आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडचा सफोक परगणा, तिथलं ईस्ट बर्गहोल्ट हे त्याचं गाव. जन्म ११ जून १७७६चा. ‘द हे वेन’, म्हणजे गवताची गाडी, हे त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी कॅलेंडरवर पाहिलं असेल. नदीच्या उथळ पाण्यात उभी असलेली रिकामी गाडी, डावीकडे लाल कौलांचं घर, काठावर कुत्रा, वर पांढरे-करडे ढग. भर उन्हाळ्यातली दुपार आहे. हे चित्र कॉन्स्टेबलने लंडनमधल्या घरी, हिवाळ्याच्या दिवसांत रंगवलं. आणि काम चालू असताना त्याच्या लक्षात आलं की गाडीची नेमकी बांधणी आपल्याजवळ टिपलेली नाही.

मग त्याने गावाकडे, धाकट्या भावाला कळवलं. भावाने गावातल्या एका पोराला गाठलं. त्या पोराने फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत बाहेर जाऊन गाडीचं रेखाटन केलं आणि ते लंडनला आलं. त्यावरून उन्हाळ्यातली गाडी रंगली. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. ज्या चित्राकडे आपण एका माणसाचं निसर्गप्रेम म्हणून पाहतो, त्यात अशी किती माणसं आहेत, हे आज आपण पाहू.

आधी गाव. कॉन्स्टेबलचे वडील धान्याचे मोठे व्यापारी होते. स्टूर नदीवर फ्लॅटफर्डची पाणचक्की त्यांची, डेडमची पाणचक्की त्यांची. पीठ नि धान्य पडावांतून खाली समुद्राच्या तोंडाशी जाई आणि तिथून त्यांच्याच लहान जहाजाने लंडनला. पडाव ओढायला घोडे. घोड्यांची वाट काठाने चाले आणि मध्येच नदीच्या पलीकडच्या काठावर जाई, म्हणून घोड्यालाच पडावात चढवून पैलतीरी न्यावं लागे. वाटेत गुरं भटकू नयेत म्हणून आडवी कुंपणं असत, त्यांवरून उडी मारायला हे घोडे शिकवलेले असत. ‘पांढरा घोडा’ आणि ‘उडी मारणारा घोडा’ ही कॉन्स्टेबलची दोन मोठी चित्रं याच व्यवहारातून आली आहेत. ज्याच्या घरचा हा धंदा आहे त्यालाच ही दृश्यं सुचणार. गावाबाहेरून आलेल्या चित्रकाराला नदीकाठचा घोडा दिसला असता, पण तो पडावात का चढतोय हे कळलं नसतं.

थोरला भाऊ अधू होता, त्यामुळे धंदा जॉनने सांभाळायचा असं ठरलं होतं. वर्षभर त्याने पवनचक्कीवर काम केलंही. पवनचक्कीवर काम करणाऱ्याचं अर्धं लक्ष आभाळात असतं, वारा कुठून येतोय, ढग कसे चढताहेत हे त्याला पोटासाठी ओळखावं लागतं. पुढे १८२१-२२मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवर कॉन्स्टेबलने कागदावर तैलरंगांत नुसत्या ढगांची चित्रं केली, आणि मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. माझ्या मते ही सवय त्या चक्कीवरची आहे. त्याचा भाऊ एब्रम, ज्याने शेवटी धंदा सांभाळला, तो म्हणत असे की जॉनच्या चित्रातली चक्की खरोखर फिरेल असं वाटतं, इतरांच्या चित्रांत नेहमी तसं वाटत नाही. चक्कीवाल्याने चित्रकाराला दिलेली ही पावती मला कुठल्याही समीक्षकाच्या अभिप्रायापेक्षा मोलाची वाटते.

गवताच्या गाडीचंही तसंच. गाडी पाण्यात का थांबली आहे? घोडे तापले आहेत, हे एक. दुसरं कारण आपल्याकडे ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना सांगायला नको. उन्हाने लाकडी चाकं सुकतात, त्यांवरची लोखंडी धाव सैल होते. पाण्यात चाक भिजलं की लाकूड फुगतं आणि धाव पुन्हा घट्ट बसते. गाडी रिकामी आहे, कारण ती पलीकडच्या कुरणात भरायला निघाली आहे. चित्रात उजवीकडे अगदी दूर पाहिलंत तर तिथे माणसं दुसरी गाडी भरताना दिसतील.

आता मित्र. पहिला मित्र जॉन डनथॉर्न. गावातला नळ जोडणारा आणि खिडक्यांना काचा बसवणारा कारागीर. कॉन्स्टेबलांच्या फाटकाजवळच त्याचं लहानसं घर होतं. त्याला चित्रांचा नाद. सुखवस्तू घरातला मुलगा आणि हा कारागीर, दोघं एकत्र शेतात जाऊन चित्रं काढत.  कॉन्स्टेबल १७९९मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत दाखल झाला, सर जॉर्ज बोमाँटसारख्या रसिकाच्या संग्रहात त्याने क्लोद लोराँ या जुन्या निसर्गचित्रकाराची चित्रं पाहिली, पण १८०२मध्ये, लष्करी शाळेतली चित्रकला शिक्षकाची नोकरी नाकारल्यानंतर, त्याने मन मोकळं केलं ते या डनथॉर्नजवळच. दुसऱ्यांची चित्रं पाहून चित्रं काढणं आता पुरे, आपण बर्गहोल्टला येऊन समोरच्या निसर्गापासून शिकणार, अशा अर्थाचं ते पत्र आहे. इंग्लिश निसर्गचित्राच्या इतिहासातला हा मोठा निर्णय एका काचा बसवणाऱ्याला लिहिलेल्या पत्रात आहे.

ही मैत्री पुढे टिकली नाही, हेही सांगितलं पाहिजे. गावच्या धर्मगुरूंशी डनथॉर्नचं बिनसलं होतं, आणि त्याच धर्मगुरूंची नात मरिया बिकनेल हिच्याशी कॉन्स्टेबलला लग्न करायचं होतं. आजोबांचा विरोध, पैशाची ओढाताण, सात वर्षांची प्रतीक्षा. १८१६मध्ये वडील वारले, थोडी मिळकत हाती आली, आणि २ ऑक्टोबरला लग्न झालं. त्याच वर्षी डनथॉर्नशी त्याने संबंध तोडले. पण थंडीत गाडीचं रेखाटन करणारा तो पोरगा कोण होता? डनथॉर्नचाच मुलगा, धाकटा जॉन. पुढे हा लंडनला कॉन्स्टेबलच्या स्टुडिओत मदतनीस झाला आणि १८३२मध्ये हृदयविकाराने तरुणपणीच गेला. बापाशी तुटलेलं नातं मुलाकडून पुन्हा जुळलं.

दुसरा मित्र जॉन फिशर, सॉल्झबरीच्या बिशपचा पुतण्या, स्वतःही धर्मगुरू, कॉन्स्टेबलहून बारा वर्षांनी लहान. लग्न लावलं ते यानेच, आणि नवदांपत्याला आपल्या ऑस्मिंग्टनच्या घरी राहायला बोलावलं. १८१९मध्ये त्याच्या सहा फूट रुंदीच्या मोठ्या चित्रांतलं पहिलं चित्र, तो ‘पांढरा घोडा’, प्रदर्शनात लागलं. ते फिशरने शंभर गिनींना विकत घेतलं. चाळिशी ओलांडलेल्या, चित्रं खपत नसलेल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती! पुढे फिशर स्वतः अडचणीत आला, तेव्हा कॉन्स्टेबलने ते चित्र त्याच्याकडून परत विकत घेतलं आणि मरेपर्यंत जवळ ठेवलं.

फिशरला त्याने २३ ऑक्टोबर १८२१ रोजी एक लांब पत्र लिहिलं. बांधावरून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, वाळुंज, कुजलेल्या जुन्या फळ्या, शेवाळलेले खांब, विटांचं बांधकाम, हे सगळं आपल्याला प्रिय आहे, बालपण स्टूरच्या काठाशी जोडलेलं आहे आणि त्या काठानेच आपल्याला चित्रकार केलं, असं त्यात तो सांगतो. लक्षात घ्या, त्याने निवडलेल्या गोष्टी काय आहेत! सूर्यास्त नाही, डोंगर नाही. कुजलेली फळी आहे. त्या काळच्या चित्ररसिकाने जिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं अशी वस्तू त्याने सहा फुटी चित्राच्या लायकीची ठरवली, आणि हे तो दूर राहून, आठवत बसल्यावर ठरवू शकला. गावात असताना फळी ही दुरुस्तीची बाब असते.

पण या आठवणीला एक आंधळी बाजूही आहे. नेपोलियनशी चाललेलं युद्ध १८१५मध्ये संपलं, धान्याचे भाव कोसळले, मजुरांना काम मिळेना, त्यात मळणीयंत्रं आली. १८२२मध्ये त्या भागात मजुरांनी यंत्रं मोडली, गंजी पेटवल्या. रोज रात्री जवळ किंवा लांब कुठे तरी आग दिसते, असं एब्रमने भावाला कळवलं होतं. ती आग कॉन्स्टेबलच्या एकाही कॅनव्हासवर आली नाही. तो मालकाचा मुलगा होता, आणि ज्या गावावर त्याचा जीव होता ते त्याच्या लहानपणीचं गाव होतं. त्याच्या चित्रातली माणसं सतत काम करताना दिसतात, पडाव बांधतात, गाडी हाकतात, नांगर धरतात, पण उपाशी कोणी दिसत नाही. हे मान्य करूनही मी त्याला मोठा मानतो. ज्याने काम करणारं गाव इतक्या बारकाईने पाहिलं, त्याने अर्धंच पाहिलं, ही खंत मात्र मनातून जात नाही.

आता पुन्हा ‘हे वेन’कडे. ते लंडनमध्ये १८२१ला प्रदर्शनात लागलं आणि विकलं गेलं नाही. १८२४मध्ये एका व्यापाऱ्यामार्फत पॅरिसच्या सलों या प्रदर्शनात गेलं आणि तिथे राजाने त्याला सुवर्णपदक दिलं. दलाक्रवासारखा फ्रेंच चित्रकार ते पाहून थक्क झाला. कॉन्स्टेबल स्वतः मात्र पॅरिसला गेला नाही.

१८२६मधल्या ‘द कॉर्नफील्ड’मध्ये डेडमच्या शाळेत जाताना तो ज्या गल्लीतून चालत असे ती गल्ली आहे. मेंढरं, कुत्रा, झऱ्याला तोंड लावून पाणी पिणारा मुलगा. इथेही मित्र आलाच. जुलैत कुंपणाकडेला कोणती रानटी झाडं फुललेली असतात, याची यादी हेन्री फिलिप्स या वनस्पतिज्ञ मित्राने त्याला पत्राने पाठवली.

मरिया १८२८मध्ये क्षयाने गेली. सात मुलं मागे राहिली. १८३१च्या सॉल्झबरी कॅथीड्रलच्या चित्रात वादळी आभाळ आहे आणि इंद्रधनुष्य आहे. त्या इंद्रधनुष्याचं टोक जिथे टेकतं तिथे फिशरचं घर आहे. पुढच्याच वर्षी फिशर वारला.

कॉन्स्टेबल ३१ मार्च १८३७ रोजी गेला. ‘कॉर्नफील्ड’ तोवर विकलं गेलेलं नव्हतं. मित्रांनी आणि चाहत्यांनी वर्गणी काढली, ते विकत घेतलं आणि त्याच वर्षी नॅशनल गॅलरीला दिलं. राष्ट्रीय संग्रहात गेलेलं त्याचं हे पहिलं चित्र.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं, नातवंडं लंडनमध्ये आहेत. त्यांच्याकडे गेलात तर आधी साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जा. ‘हे वेन’चं कॉन्स्टेबलने तेवढ्याच आकारात केलेलं तैलरंगांतलं स्केच तिथे आहे. त्यात काठावर घोडा घेऊन आलेला एक मुलगा आहे. मग नॅशनल गॅलरीत या, तिकीट नाही. पूर्ण झालेल्या चित्रात तो मुलगा सापडणार नाही, कुत्रा मात्र आहे. आणि एक दिवस हाताशी असेल तर मॅनिंगट्रीपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून नदीकाठाने फ्लॅटफर्डला चालत जा. चक्कीही आहे आणि विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं ते लाल कौलांचं घरही अजून उभं आहे.