मोजलं, मग पुढं काय?



एखाद्या गरीब वस्तीत, पाड्यावर किंवा तांड्यावर हातात पॅड आणि पेन घेतलेला अनोळखी माणूस शिरला, की बायका एकमेकींना सांगतात, 'सर्वेवाले आलेत.' मग प्रश्न सुरू होतात. घरात माणसं किती? कमावणारी किती? पाणी कुठून आणता? मुलगी शाळेत जाते का? भाकरी थापता थापता बाई उत्तरं देते. शेवटी एखादी धीट बाई विचारते, 'साहेब, एवढं सगळं लिहून घेतलंत, पुढं काय?' साहेब पॅड मिटतात. त्यांना फॉर्म भरायचं काम दिलेलं असतं, पुढचं त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

आज मला या प्रश्नाविषयीच बोलायचं आहे. गरीब कुटुंबांसाठी, त्यांच्या मुलांसाठी योजना आखायच्या तर आधी त्यांची स्थिती समजून घ्यायला हवी, हे उघड आहे. त्याशिवाय योजना आखणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण माहिती कोण गोळा करतं, कशी करतं, आणि ती ज्यांच्याकडून घेतली त्यांना परत मिळते का, यावर योजनेचं पुढचं बरंवाईट ठरतं. आपल्या महाराष्ट्रातच याची मोलाची उदाहरणं आहेत.

पहिलं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था काढली. त्यांच्या वसाहतीचं नावच शोधग्राम. १९८९ साली राणीताईंचा एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचं आढळलं. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात जेमतेम आठ होत्या. बायका सोसत होत्या, आणि कुणी विचारलं नव्हतं म्हणून ते दुखणं कुठल्या कागदावरही नव्हतं.

पुढं त्यांनी नवजात बाळांकडे लक्ष दिलं. गावात बाळ जन्मलं की त्याच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत काय काय होतं, याची घरी जाऊन नोंद ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचाराची गरज पडत होती आणि डॉक्टरपर्यंत पोहोचणारी बाळं शंभरात तीनसुद्धा नव्हती. आता यावर उपाय काय? दवाखाना दूर, पाऊसकाळात नाले भरलेले, शिवाय ओली बाळंतीण घराबाहेर पडत नाही. मग ठरलं की बाळ दवाखान्यात येत नसेल तर उपचारच घरी न्यायचे. त्यासाठी गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायका निवडल्या. त्या आरोग्यदूत झाल्या. बाळाचं वजन घेणं, ताप मोजणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, बाळाला ऊब देणं, जंतुदोष झाला तर ठरलेलं इंजेक्शन देणं हे सगळं त्या शिकल्या.

एकोणचाळीस गावांत हे काम झालं, आणि तुलनेसाठी सत्तेचाळीस गावांची नोंद ठेवली गेली. आरोग्यदूत असलेल्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती, तिसऱ्या वर्षी तो आकडा २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशा कार्यकर्तींनी बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जाऊन बाळ तपासण्याची पद्धत देशभर सुरू झाली, तिचं मूळ या गावांत आहे. तुमच्या गावची आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी तुमच्या सुनेच्या किंवा लेकीच्या खोलीत वजनकाटा घेऊन येते, तेव्हा गडचिरोलीच्या त्या बायकांचं काम तुमच्या दारात आलेलं असतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मोजणारी बाई त्याच गावातली होती. आज जिची नोंद केली त्या बाळाला उद्या वाचवायचं कामही तिचंच होतं. म्हणून 'पुढं काय' हा प्रश्न तिथे उरलाच नाही.

उलट उदाहरणही सांगतो. राज्यात बालमृत्यू किती होतात, याचा शोध तेरा स्वयंसेवी संस्थांनी मिळून घेतला. त्याचा अहवाल २००१ साली 'कोवळी पानगळ' या नावानं आला. सरकारी दप्तरात जेवढे मृत्यू होते, त्याहून कितीतरी अधिक प्रत्यक्षात होत होते. दप्तरातली मुलं जिवंतही नव्हती आणि मेलेलीही नव्हती, ती नव्हतीच! त्यावर विधिमंडळात, वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि शासनानं डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. अंगणवाडी आहे, आरोग्य केंद्र आहे, निधी आहे, पण मृत्यूची खरी नोंद नसेल तर तो निधी कुठे खर्च करायचा हे कुणाला कळणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता शाळेकडे येऊ. 'प्रथम' या संस्थेनं २००५ साली 'असर' नावाची पाहणी सुरू केली. असर म्हणजे परिणाम. हा शब्द उर्दूतून आपल्याकडे आला आणि आता मराठीतही चांगला रुळला आहे. पाहणीची रीत अगदी साधी. जिल्ह्यातली काही गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, प्रत्येक गावातली वीस घरं घ्यायची आणि मुलाच्या हाती एक कागद द्यायचा. त्यावर अक्षरं, शब्द, एक सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचतं ते पाहायचं. विचारायला जातात ती त्याच जिल्ह्यातली महाविद्यालयांतली मुलंमुली. परीक्षा घरात, आईबापांच्या समोर होते. कितीतरी आयांना आपलं पाचवीतलं मूल वाचू शकत नाही, हे तिथेच पहिल्यांदा कळतं.

पहिल्याच पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नव्हता. २०२४ च्या पाहणीत तो वाचू शकणारी पाचवीची मुलं ४८.८ टक्के होती. म्हणजे जवळपास वीस वर्षं मोजूनही आपण निम्म्यावरच. नुसत्या मोजण्यानं काही होत नाही, हे यातून दिसतंच. मात्र त्याच पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांचं वाचन २०२२ च्या १६.३ टक्क्यांवरून २३.४ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. या दोन वर्षांत देशभर पायाभूत वाचन आणि गणितावर भर देणारं अभियान चालू होतं. लक्ष दिलं, पैसा दिला, वेळ दिला तर आकडा हलतो, हेही खरं.

लक्ष द्यायचं म्हणजे काय, तेही मुंबईतच दिसलं होतं. महापालिकेच्या शाळांत 'प्रथम'नं 'बालसखी' नेमल्या. या त्याच वस्त्यांतल्या शिकलेल्या तरुण मुली. मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर बसवून त्या रोज दोन तास त्यांच्या पातळीपासून शिकवायच्या. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात याचा अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या बालसखींचा सत्कार कुठे झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

मोजल्यामुळे आणखी एक मोठी गोष्ट होते. ऐकीव बोलण्याला लगाम बसतो. मी मुस्लिम समाजातला, मराठीत लिहिणारा माणूस. 'तुमच्याकडची मुलं मदरशातच जातात ना?' हा प्रश्न मला चांगल्या शिकल्या-सवरलेल्या मित्रांनीही विचारला आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीनं नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. शाळेत जायच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी मुलं तीन-चार टक्क्यांच्या घरातच आहेत, असं त्यात निघालं. आणि सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के मुलं एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच गळली होती. म्हणजे ज्या मुलांविषयी आपण वाद घालत होतो, ती मूठभर निघाली आणि जी चारातलं एक मूल होऊन गॅरेजात, जरीकामाला, बेकरीत बसली होती, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या आकड्यानं माझं काम सोपं केलं. आता कुणी तो प्रश्न विचारला, तर मी वाद घालत नाही, अहवालाचं नाव सांगतो.

पण इथेही 'पुढं काय' आहेच. अल्पसंख्याक मुलांसाठी २००८ साली मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाली. २०२२ मध्ये ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी थांबवण्यात आली. आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्यानं मोफतच आहे, हे त्याचं कारण देण्यात आलं. कारण बरोबर की चूक, यावर मतं असू शकतात. माझं म्हणणं एवढंच, की त्या पैशातून किती घरांत वह्या, गणवेश, रिक्षाभाडं भागत होतं, आणि ती थांबल्यावर किती मुलं गळली, याचा हिशेब लोकांपुढे यायला हवा. योजना सुरू करताना अहवाल लागतो, तर थांबवतानाही लागायला हवा.

शहरातल्या तरुणांचं एक उदाहरण मला फार आवडतं. अर्जुन अप्पादुराई या अभ्यासकानं मुंबईत 'पुकार' ही संस्था उभी केली. संशोधन हा विद्यापीठातल्या लोकांचाच नव्हे, प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असा त्यांचा विचार. 'पुकार'नं वस्त्यांतल्या तरुणांना शोध घ्यायला शिकवलं. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, बंदराच्या जमिनीवर कौला बंदर नावाची झोपडपट्टी आहे. ती अधिकृत यादीत नव्हती, म्हणून नळ नाही. लोक खासगी विक्रेत्यांकडून पाइपानं पाणी विकत घेत. तिथल्याच मुलामुलींनी घराघरांत जाऊन नोंदी केल्या. गरीब माणूस पाण्यासाठी महापालिकेच्या दराच्या कितीतरी पट पैसे मोजतो, हे त्यांनी कागदावर आणलं. हे अभ्यास परदेशी नियतकालिकांत छापून आले. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो.

राहिला पैशाचा प्रश्न. 'एवढा पैसा आणायचा कुठून?' असं आपण सहज म्हणतो. महाराष्ट्रानं याचं उत्तर फार पूर्वी दिलं आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली, १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. नोकरदार श्रोत्यांनी आपलं पगारपत्रक काढून पाहावं. दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे अशी कपात बहुतेकांना दिसेल. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या रोजगाराला हातभार लावणारी ही व्यवस्था आपल्या राज्यानं उभी केली. तेव्हा या योजनांविषयी प्रश्न विचारण्याचा हक्क खडी फोडणाऱ्या बाईला आहे, तसा तुम्हालाही आहे. तुमचे पैसे त्यात आहेत.

आणि मोजणीच झाली नाही तर काय होतं? २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ च्या जनगणनेवर बेतला. त्यानुसार महाराष्ट्रात सुमारे सात कोटी माणसांना स्वस्त धान्य मिळण्याची मर्यादा ठरली. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. नव्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरवण्यात आली. मधल्या काळात लोकसंख्या वाढली, आकडा मात्र तोच राहिला. २०१२ नंतर जन्मलेलं मूल पोटानं खरं, पण त्या गणितात धरलेलंच नाही. नवं नाव घालायला गेलेल्या कुटुंबाला 'कोटा भरलाय' हे उत्तर मिळतं, त्यामागे हे गणित आहे.

म्हणून माझी विनंती दोन बाजूंना आहे. जे विचारायला जातात, मग ते सरकारी असोत, संस्थेचे असोत की विद्यापीठाचे, त्यांनी जे सापडलं ते त्या वस्तीत परत येऊन सांगावं. इंग्रजी अहवालाची दोन पानं मराठीत करून ग्रामसभेत वाचावीत, उर्दू-हिंदी बोलणाऱ्या मोहल्ल्यात त्यांच्या बोलीत सांगावीत. कामाच्या खर्चात या फेरीचाही पैसा धरावा. आणि ज्यांना विचारलं जातं त्यांनी बिनधास्त विचारावं: हे कोणासाठी लिहिता? कधी परत येणार? अंगणवाडीत आपल्या मुलाचं वजन नोंदलेलं असतं, ते आईनं मागून पाहावं. शाळेतल्या गुरुजींना विचारावं, माझं मूल वाचतं का? दुसरीच्या पुस्तकातलं एक पान तिनं घरीच मुलासमोर धरावं. स्वतःला वाचता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बोलवावं.

येत्या जनगणनेत प्रगणक तुमच्या दारी आला, तर त्याला पाणी द्या, बसवा आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव सांगा. पाळण्यातल्या बाळाचंही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)